मुलांची सोय

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे एक वाक्य मला आणि तीन वाक्यं "खाली उतर", "ते तोंडातून काढ", "मोठे, बघ गं त्याच्याकडे" अशी घरातल्यांना. मागच्या वेळी मी नोकरी लागल्याचं सांगितलं तर तू म्हणालीस, "आधी हात धू." म्हणून आता कागद घेतला.

तर, नोकरी लागली. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याची प्रयोगशाळा आहे. रोज सकाळी ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांतून येतं, ते आम्ही तपासायचं. लांबट खोली, चार माणसं, माझं टेबल खिडकीपाशी. तिथला नळ गळतो. पाणीखात्यातला नळ गळतो म्हणून हसू नकोस, आम्ही आधीच हसून घेतलंय. पहिले सहा महिने नोकरी कच्ची आहे, त्यामुळे रजेचं नाव काढायचं नाही.

आणि लग्नाची तारीख ठरली. माणूस तुला माहीतच आहे, चष्म्यांच्या दुकानामुळे तुम्ही सगळे ज्याला चष्मेवाला म्हणता तोच. शनिवार, २० एप्रिल, सकाळी अकरा. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली घेतलीय. नोंदणी अधिकारी तिथे येतील, सह्या होतील, मग जेवण. चाळीस माणसं, बस.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलं आणायची नाहीत. पंधरा वर्षांखालचं कुणीच नाही, आपल्याकडचं नाही आणि त्याच्याकडचंही नाही. खोली लहान आहे, जिना उभा आहे आणि गच्चीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून आणि तिसऱ्यांदा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "कठड्याचं खरं असेल." ह्यांना सगळ्यांचंच खरं वाटतं.

अगं, उभ्या जिन्याचं काय सांगतेस? माझं शेंडेफळ कपाटावर चढून झोपतं. जे असेल ते सरळ सांग ना. माझ्या तिन्ही पोरांना तू अंगाखांद्यावर खेळवलंस. मधला दीड वर्षाचा होईपर्यंत तुझ्याच हातून जेवायचा, मी भरवलं की थुंकायचा. दादाची जुळी तुला आई म्हणायची आणि वहिनीला "ती दुसरी". त्याच पोरांना तुझ्या लग्नाचं दार बंद? लोक काय म्हणतील ते मरू दे, मी पोरांना काय सांगू?

दादा म्हणतो, माझी मुलं चालत नाहीत तिथे मीही नाही. आई काहीच म्हणत नाही, आणि आई काहीच म्हणत नसली की घरात कसं होतं ते तुला माहीत आहे.

हे चष्मेवाल्याच्या डोक्यातलं आहे का? दिवसभर काचा पुसून त्याला पोरांच्या बोटांची धास्ती बसली असेल. तसं असेल तर आत्ताच बोल. आजवर तू कुणाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही, म्हणून विचारते.

मोठीने निळा ड्रेस आतापासून बाहेर काढून टांगलाय. तिला अजून सांगितलेलं नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हरले. कठडा छातीएवढा आहे आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे आहेत. मला खोटं बोलता येत नाही हे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे.

पण चष्मेवाल्याला मध्ये ओढू नकोस. उलट तो म्हणत होता, मुलं नसली तर लग्न म्हणजे बँकेतल्या रांगेत उभं राहिल्यासारखं होईल. हे माझं आहे, एकटीचं. कारण आहे, पण लिहायला बसले की इतकं बारीकसं दिसतं की तू हसशील. आणि हसली नाहीस तर रडशील, ते त्याहून वाईट. सध्या एवढंच धर की मुलं मला नकोशी झालेली नाहीत.

तुला करमणूक म्हणून कामावरचं सांगते. गेल्या बुधवारी एका शाळेची तीस मुलं प्रयोगशाळा बघायला आली. एकाने नमुन्याच्या बाटलीत बोट घातलं, एकीने भोकाड पसरलं, आणि आमच्या विभागाचे साहेब काहीतरी शोधायचंय म्हणून कपाटामागे गेले ते गेलेच. मी सवयीने पुढे झाले. सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि टाकीतलं पाणी त्यांच्या घरच्या नळापर्यंत कसं जातं ते सांगितलं, वळणावर वळण घेत, अंधारातून. दहा मिनिटांत चिडीचूप. प्रमुखबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो. दर बुधवारी शाळा येतात, त्या आता तुमच्याकडे." आणि माझे बुधवारचे नमुने शेजारच्या टेबलावर गेले.

मी काय केलं असेल? हसले आणि हो म्हटलं.

दादाला समजाव.

धाकटी

२ मार्च

धाकटे,

दादा यायला तयार झाला आहे. आम्हीही येऊ. मुलांची सोय झाली आहे, चौघंही आमच्या घरी राहतील. तुला काळजीचं कारण नाही. जेवणात तिखट कितपत असेल ते कळव, ह्यांना सोसत नाही.

ताई

५ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र लिहिलेलं आईला माहीत नाही. पाकीट तिच्याच कपाटातून घेतलं, तेवढं माफ कर.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मी सगळ्यांना सांभाळणार आहे, म्हणजे मधला, शेंडेफळ आणि मामाची जुळी. मी वेळापत्रक केलंय. नऊ ते दहा चित्रं काढणे. दहा ते अकरा लपाछपी, पण जुळ्यांपैकी कोण सापडला ते कळत नाही म्हणून एकाला लाल टोपी घालणार. अकरा वाजता तू सही करशील तेव्हा त्यांना दूध देणार. सही करताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. असू दे.

आजी म्हणाली मी अगदी तुझ्यावर गेलेय, गुणाची आहे. आई म्हणाली, आता तू मोठी झालीस, तुझ्या भरवशावर आम्ही घर सोडून जाऊ शकतो. पण पंधरा पूर्ण नाहीत म्हणून लग्नाला यायला मी लहान आहे. तर मी नक्की कोण आहे ते मला कळव, म्हणजे तसं वागेन.

नळाच्या पाण्यात किडे दिसतात का?

तुझी,
मोठी (की लहान?)

९ मार्च

ताई,

तुम्ही काय सोय केली आहे ते मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस आणि तिला एक शब्द बोलू नकोस.

आता कारण सांगते.

तुझं लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. सभागृहाच्या मागे सामानाची खोली होती. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, बंद पडलेला पंखा, उंचावर एक जाळीची खिडकी. सकाळी आईने पाच पोरं माझ्या हवाली केली. "थोडा वेळ बघ गं, तुझं ऐकतात ती." तो थोडा वेळ संध्याकाळी संपला. ताई, मी तुझं लग्न ऐकलं, पाहिलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मी एकाची चड्डी बदलत होते. मध्येच सगळे खूप मोठ्याने हसले. काय झालं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. तुला आठवत नसेल, तुला त्या दिवशी दुसरी कामं होती.

पुढे दादाचं लग्न, मग मामाकडची दोन, आत्याकडचं एक. दर वेळी मी मोठ्यांच्यात लहान आणि लहानांच्यात मोठी. लग्न म्हटलं की लोकांना काय काय आठवतं, मला मागची खोली आठवते. कुणी कधी जबरदस्ती केली नाही, हे मी मान्य करते. फक्त कुठे रडू ऐकू आलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या, आणि मी उठायचे.

मला भीती वाटत होती की माझ्या लग्नातही कुणीतरी रडेल, आणि मी अर्धी सही टाकून उठेन. खरंच उठेन, ताई. पायांनाच सवय लागलीय. म्हणून तो नियम केला. आणि नियमाने काय केलं, तर मला उठवून माझ्या जागी मोठीला बसवलं. तीही तेराचीच.

नियम रद्द. सगळ्यांना आण. चार काय, चौदा आण. पण मोठी मागच्या खोलीत नको.

धाकटी

२० मार्च

प्रिय धाकटे,

उत्तराला दहा दिवस लागले, कारण मी रागावले होते. आधी तुझ्यावर, मग आईवर, मग एकदाची योग्य माणसापर्यंत पोचले.

मला आठवत नसेल असं तू लिहिलंस. आठवतं. मी त्या खोलीत आले होते. कानातलं निसटलं होतं आणि आरसा हवा होता. एक पोर तुझ्या मांडीवर होतं, एक पाठीवर. मी म्हटलं, "किती गुणाची गं तू," आणि आरशात बघून बाहेर पडले. तू माझ्या पाठीमागून काहीतरी विचारलंस. मी थांबले नाही. काय विचारलं होतंस गं?

लोक हसले ते ह्यांना. ह्यांनी स्वतःची सही साक्षीदाराच्या रकान्यात केली. स्वतःच्याच लग्नाचे साक्षीदार झाले. पंधरा वर्षांनी का होईना, तुला कळलेलं बरं.

इथे मी "तू तेव्हाच बोलली असतीस तर" असं लिहिलं होतं, ते खोडलंय. तेरा वर्षांच्या पोरीने तोंड उघडायची वाट बघत बसायचं नसतं.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला वाटायचं, तिला आवडतं." मग उठून आत गेली.

आणि नियम बियम काही रद्द करायचा नाही. एकदा तरी माझं ऐक. मी ह्यांना म्हटलं, मुलांजवळ तुम्ही राहा. हे म्हणाले, "मी? एकटा? चौघांना?" मी म्हटलं, "मोठी तेराची आहे, तिला सहज जमेल असं तुम्हीच म्हणालात. तुम्ही बेचाळीसचे आहात." नखं बघत म्हणाले, "मुद्दा आहे." असं ठरलंय की दादा सह्या होईपर्यंत थांबेल, साडेबाराला घरी जाऊन ह्यांना मोकळं करेल आणि हे जेवायला येतील. दादा जरा कुरकुरला, तर वहिनी म्हणाली, "दोघांतला कोणता कोण ते तरी त्या निमित्ताने शिका."

मोठी येतेय. तिला मी सांगितलं, पण तिचा विश्वास बसत नाही. म्हणते, मावशीचं पत्र येऊ दे.

तुझी,
ताई

२७ मार्च

प्रिय मोठी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला, कारण प्रश्न अवघड होता. तू तेरा वर्षांची आहेस. ह्या वयाची गंमत अशी की काम निघालं की लोक आपल्याला मोठं करतात आणि मजा निघाली की लहान. कुणी असं केलं की तू मला विचारलंस तेच त्यांना विचारायचं, तितक्याच सरळपणे. मला हे तुझ्या वयात सुचलं नाही.

पंधराचा नियम मी तेरावर आणला आहे. नियम माझा आहे, मी वाटेल तिथे आणेन. तू पहिल्या रांगेत बसायचंस, आजीच्या शेजारी, आणि माझा चेहरा कसा होतो ते मला नंतर सांगायचंस. काम काहीही नाही. कुणी पाणी आणायला सांगितलं तरी नाही म्हण, मी पाणीखात्यात आहे, मी बघते.

किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकातून दिसतात, पण आमच्या पाण्यात दिसले तर मोठी बोंबाबोंब होईल.

आणि ऐक, तुझी विद्या मीही वापरली. आमच्या प्रमुखबाईंकडे गेले. म्हटलं, "मला पाणी तपासायला घेतलंय की मुलं सांभाळायला?" त्या म्हणाल्या, "म्हणजे? तुम्हाला आवडत नाही? तुम्ही तर हसत होतात." मी म्हटलं, "बाई, मी घाबरले तरी हसते." त्या म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायचं की." आता बुधवार पाळीपाळीने आहेत. पहिली पाळी कपाटामागे जाणाऱ्या साहेबांची आली. पोरांनी त्यांना प्रश्न विचारून घाम फोडला, पण शेवटी साहेबांनाच पोरांना सोडवेना. मी खिडकीपाशी बसून सत्तावीस नमुने तपासले.

तुझी,
मावशी

२३ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. विनंती विशेष.

कार्यालयाबाहेरचं पत्र मी वीस वर्षांत लिहिलेलं नाही, तरी भाषा सांभाळून घे. मी जेवायला पोचलो नाही त्याचा खुलासा करणं माझं कर्तव्य आहे.

बारापर्यंत सर्व ठीक होतं. सव्वाबाराला जुळ्यांपैकी एकाने न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. कोणत्या ते सांगता येत नाही, कारण टोपीची त्यांनी अदलाबदल केली होती. मी दाराबाहेरून ज्याला धीर देत होतो त्याचं नाव दुसरंच होतं, म्हणून तो उत्तर देत नव्हता. ह्या गडबडीत मधल्याने शेंडेफळाला माझ्या वाटणीची सगळी बिस्किटं खाऊ घातली आणि तिने ती माझ्या सदऱ्यावर परत केली. दादा आला, त्याने खांद्याने दार उघडलं, कडी मोडली. एव्हाना एक वाजला होता. मी सदरा बदलून निघणार, तर शेंडेफळाचं अंग तापलेलं. खांद्यावर घेतलं तशी झोपली. खाली ठेवलं की उठायची. दादाला म्हटलं, तू परत जा, धाकटीला तिथे भाऊ हवा. मी अडीचपर्यंत खिडकीपाशी उभा होतो. ताप आता उतरला आहे.

तेवढ्या वेळात काही विचार मनात आले. ते इथे लिहीत नाही. तुझ्या ताईला दर रविवारी सकाळी घराबाहेर कुठे जायचं असेल तिथे जाऊ द्यायचं, एवढा निष्कर्ष काढला आहे.

अडचण अशी की मी लग्न पाहिलं नाही. विचारलं तर तुझी ताई म्हणते "छान झालं", दादा म्हणतो "जेवण बरं होतं", मोठी म्हणते "भारी". एवढ्यावरून काही चित्र उभं राहत नाही. तरी तू सवडीने सविस्तर लिहावंस.

तुझा,
भावजी

२९ एप्रिल

ती. भावजी,

सा. न. हे विचारण्याचा हक्क तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला नाही, म्हणून सगळं सांगते. चहा घेऊन बसा.

खोलीत खिडक्या पाच, सगळ्या उघड्या. वाचनालयवाले भिंतीवरची "शांतता राखा" ही पाटी काढायला विसरले होते, त्यामुळे लोक सुरुवातीला कुजबुजत होते. चष्मेवाला स्वतःचा चष्मा घरी विसरून आला. नोंदणीचा कागद हातभर लांब धरून वाचायला लागला, तेव्हा अधिकारी बाईंनी त्याला विचारलं, "तुमचा व्यवसाय काय म्हणालात?" मग पाटी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

सही मी एका दमात केली. मोठी म्हणते माझा चेहरा परीक्षेत सोपा प्रश्न आल्यासारखा झाला होता. ती आमच्या आईशेजारी बसली होती, निळ्या ड्रेसमध्ये, ताठ, दोन्ही हात मांडीवर, कुणी उठवेल की काय अशी. दोनदा मागे वळून दाराकडे पाहिलं तिने. तिसऱ्यांदा आईनेच तिची हनुवटी धरून पुढे वळवली.

सह्या झाल्यावर आई माझ्यापाशी आली. मला वाटलं काहीतरी बोलेल. तिने माझं ताट घेतलं आणि म्हणाली, "तू बस, मी आणते." स्वतः रांगेत उभी राहिली. पुढे कुणीतरी तिला जागा देत होतं, ती तिने घेतली नाही.

जेवणं सुरू झाली तेव्हा दादा परत आला, खांदा चोळत. तुमची हकीकत त्यानेच सांगितली. कडीचं तो हसत हसत सांगत होता, पण तुम्ही तापलेल्या लेकीला घेऊन कसे उभे होतात ते सांगितल्यावर वहिनीच्या शेजारी जाऊन बसला. तुमच्यासाठी डबा भरायला ताईने तेव्हाच सांगितलं.

आता तुम्हाला कुणी सांगितलं नसेल ते सांगते. चष्मेवाल्याच्या दुकानात काचा घासणारा कारागीर आहे. त्याच्या बाळाला ठेवायला ऐनवेळी कुणी मिळालं नाही, म्हणून नवराबायको बाळाला घेऊनच आले होते, शेवटच्या टेबलाशी, ओशाळून. जेवणाच्या मध्यावर ते बाळ रडायला लागलं. साधं नाही, टिपेचं. आणि भावजी, खोलीतल्या निम्म्या माना वळल्या. काही माझ्याकडे, काही मोठीकडे. मोठीने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवरून अर्धी उठलेच होते.

ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. "बस," म्हणाली. मला वाटलं आता ती जाईल. ती नाही गेली. तिने मोठीच्या पाठीवरही दुसरा हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. बाळ रडत होतं. शेवटी तो कारागीर उठला, तोंडातला घास तसाच, बाळाला उलटसुलट धरत खिडकीपाशी गेला आणि त्याला रस्त्यावरची माणसं दाखवायला लागला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं, भावजी. दोन मिनिटांत ते बाळ गप्प झालं. दोनच लागतात.

मग मोठीने ताट पुढे केलं आणि विचारलं, "मी अजून थोडं घेऊ?"

तुमची,
धाकटी